एक पोर्ट, अनेक ग्राहक : वाटणीच्या तीन रीतींची चिकित्सा

उपकरणाला सिरियल पोर्ट एकच आणि त्याच्याकडून माहिती हवी असलेले संगणक मात्र तीन-चार, ही अडचण आता केवळ संशोधन संस्थांपुरती राहिलेली नाही. शाळेच्या गच्चीवर विद्यार्थ्यांनी उभारलेले हवामान केंद्र घ्या. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा छोटा आर्डुइनो बोर्ड एका केबलने एका संगणकाला जोडलेला असतो. विज्ञानाच्या शिक्षकांना त्याचे आकडे प्रयोगशाळेत हवे असतात, भूगोलाच्या शिक्षकांना वर्गात हवे असतात आणि सूचनाफलकाशेजारच्या पडद्यावरही ते दिसले तर बरे, असे सर्वांनाच वाटते. मग कोणीतरी सुचवते, की पोर्ट नेटवर्कवर टाकू या, म्हणजे ज्याला हवे तो घेईल.

यासाठी तयार साधने आहेत आणि त्यांतील काही उत्तम साधने विनामूल्य मिळतात. त्यांच्या वर्णनात ‘पोर्ट वाटून घेणे’ हे शब्द सहजपणे येतात. आमची तक्रार या शब्दांबद्दल आहे. ‘वाटून घेणे’ या एका क्रियापदाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. त्यांतला फरक ओळखला नाही तर आकडे चुकतात आणि ते चुकले आहेत अशी कोणतीही खूण मागे राहत नाही. म्हणून या तीन रीती एकेक करून तपासून पाहू.

दोन टोकांची तार

सिरियल पोर्ट म्हणजे बिटांची एकेरी रांग. एका तारेवरून एकामागून एक बिट जातात आणि उलट दिशेसाठी दुसरी तार असते. यासंबंधीचे आर.एस.-२३२ हे प्रमाणक अमेरिकेत १९६० साली प्रसिद्ध झाले. त्यामागची कल्पना सरळ होती : एका टोकाला टेलिप्रिंटर किंवा टर्मिनल, दुसऱ्या टोकाला मोडेम. टोके दोनच, म्हणून कोण बोलत आहे आणि कोणाशी बोलत आहे हे सांगण्याची गरजच नव्हती. तारेवरून जाणाऱ्या बाइटवर ना पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, ना घेणाऱ्याचा.

नेटवर्कची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथे प्रत्येक पाकिटावर दोन्ही पत्ते असतात, कारण तारेवर अनेकांची वर्दळ असणार हे गृहीतच धरलेले असते. सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणणे म्हणजे पत्ता नसलेल्या बाइटांना पत्त्यांच्या गावात आणून सोडणे. ती बाइट कोणाकडे द्यायची, हे मध्ये बसलेल्या कोणीतरी ठरवावे लागते. पुढची सारी चर्चा या मध्यस्थाविषयी आहे.

मध्यस्थ नसेल तर काय होते, हे वर्गात दाखवता येते. आर्डुइनोला दर सेकंदाला एक क्रमांक छापायला सांगा : १, २, ३, ४ असे. लिनक्स असलेल्या संगणकावर दोन खिडक्या उघडा आणि दोन्हींत ‘कॅट’ ही आज्ञा देऊन तोच पोर्ट वाचायला लावा. सारे आकडे दोन्ही खिडक्यांत येतील अशी मुलांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात काही आकडे एका खिडकीत येतात आणि उरलेले दुसरीत. आलेली बाइट जो आधी उचलेल त्याची, आणि एकदा उचलली की ती संपली. विंडोजवर हा प्रयोग होत नाही, कारण दुसऱ्या प्रोग्रामला पोर्ट उघडूच दिला जात नाही. पहिल्या पद्धतीत माहितीची फाळणी होते, दुसरीत एकाची मक्तेदारी राहते. वाटणी दोन्हींत नाही.

पहिली रीत : मालक एक, पण दूरवरचा

ऑक्टोबर १९९७ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत २२१७ क्रमांकाचा दस्तऐवज निघाला. तो ‘आर.एफ.सी. २२१७’ या नावाने ओळखला जातो. टेलनेट या जुन्या संदेशपद्धतीत त्याने भर घातली. दूरच्या संगणकाला केवळ बाइट पाठवता याव्यात एवढेच नव्हे, तर पोर्टचा वेग, पॅरिटी, स्टॉप बिट बदलता यावेत आणि मोडेमच्या खुणेच्या तारांची स्थिती कळावी, अशी सोय त्यात आहे. ग्राहक, म्हणजे क्लायंट, ‘वेग ९६०० कर’ असे सांगतो आणि सर्व्हर प्रत्यक्षात ठरलेला वेग परत कळवतो. रचना नेटकी आहे. इतक्या वर्षांनंतरही ती वापरात आहे, यातच तिचा गुण दिसतो.

मात्र ती कोणत्या गरजेतून जन्मली हे पाहिले पाहिजे. त्या काळी कार्यालयात मोडेम थोडे असत आणि बाहेर दूरध्वनी लावण्याची गरज पुष्कळांना असे. प्रत्येकाच्या टेबलावर मोडेम ठेवण्याऐवजी ते एका जागी ठेवायचे आणि ज्याला हवा त्याने नेटवर्कवरून तो घ्यायचा, काम झाले की सोडायचा. ही वाटणी एस.टी.डी. बूथवरच्या फोनसारखी होती. फोन साऱ्या गावाचा, पण एका वेळी बोलणारा एकच.

या मर्यादेत ही रीत निर्दोष आहे. कॉरी मिनयार्ड यांचा ‘सर-टू-नेट’ हा विनामूल्य प्रोग्राम लिनक्सवर हेच काम करतो. मुळात तो एका पोर्टवर एकच जोडणी स्वीकारतो. दुसरा आला तर त्याला नकार मिळतो. जुन्याला काढून नव्याला जागा द्यावी, अशी सूचनाही त्याला देऊन ठेवता येते. नकार मिळणे ही गैरसोय आहे खरी, पण ती प्रामाणिक गैरसोय आहे. आकडे मिळाले नाहीत हे दुसऱ्याला ताबडतोब कळते.

अडचण येते ती एकाऐवजी दोघांना आत घेतले की. एकाने वेग ९६०० ठेवला आणि दुसऱ्याने येऊन १९२०० मागितला, तर पोर्ट एकच असल्यामुळे पहिल्यालाही १९२०० चाच वेग मिळतो आणि त्याच्या पडद्यावर कचरा दिसू लागतो. अशा वेळी कोणाचे ऐकावे याचा नियम १९९७ च्या त्या दस्तऐवजात नाही. तो नसणे हा त्याचा दोष म्हणता येणार नाही, कारण एका वेळी एकच ग्राहक असणार या समजुतीवरच तो उभा आहे. दोष आहे तो ही समजूत विसरून त्यावर मजले चढवणाऱ्यांचा.

दुसरी रीत : सर्वांचे सर्वांना

सर-टू-नेटमध्ये जोडण्यांची संख्या वाढवण्याची मुभा आहे. ती वाढवली की मध्यस्थाचे वागणे असे होते : उपकरणाकडून आलेली प्रत्येक बाइट सर्व ग्राहकांना आणि कोणत्याही ग्राहकाकडून आलेली प्रत्येक बाइट उपकरणाला. बाजारात मिळणाऱ्या सिरियल-ते-इथरनेट डब्यांपैकी अनेकांतही अशी सोय असते. वरच्या प्रयोगातील फाळणी आता होत नाही. १, २, ३, ४ हे आकडे दोन्ही खिडक्यांत पूर्ण दिसतात. पाहणाऱ्याला वाटते की प्रश्न सुटला.

उपकरण केवळ बोलणारे असेल तर तो बऱ्याच अंशी सुटतोही. जी.पी.एस. ग्राहकयंत्राचे उदाहरण घ्या. एन.एम.ई.ए. ०१८३ या प्रमाणकानुसार ते ४८०० बिट प्रतिसेकंद वेगाने, कोणी विचारो वा न विचारो, आपले स्थान सांगत राहते. प्रत्येक अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरे. एक वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचे, तेव्हा सेकंदाला पाच-सहा पूर्ण वाक्ये बसतात. प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते आणि त्याच्या शेवटी पडताळा अंक असतो. एखादा ग्राहक मध्येच येऊन जोडला गेला तर त्याच्या हाती अर्धे वाक्य पडेल. त्याने ते टाकून द्यावे आणि पुढच्या डॉलरची वाट पाहावी. आकाशवाणीच्या बातम्या दहाजणांनी ऐकल्या म्हणून बिघडत नाहीत, तसेच हे.

परंतु कितीतरी उपकरणे विचारल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांच्याशी होतो तो संवाद. प्रश्न आणि उत्तर यांची जोडी असते आणि ही जोडी जुळवण्याचा एकच आधार असतो : मी आत्ताच विचारले, म्हणून आत्ता आलेले उत्तर माझे. दोघेजण विचारू लागले की हा आधार जातो.

कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत सर्वत्र आढळणारी मॉडबस ही भाषा पाहू. मॉडिकॉन या कंपनीने ती १९७९ साली आणली. तिच्या आर.टी.यू. या प्रकारात एक रजिस्टर वाचण्याचा प्रश्न ८ बाइटचा असतो : उपकरणाचा क्रमांक, कामाचा क्रमांक, कोणत्या रजिस्टरपासून, किती रजिस्टरे आणि शेवटी सी.आर.सी. हा दोन बाइटचा पडताळा. उत्तर ७ बाइटचे असते : उपकरणाचा क्रमांक, कामाचा क्रमांक, पुढे किती बाइट आहेत, ती माहिती आणि पडताळा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना विचारावे, की प्रश्नात असलेली कोणती गोष्ट उत्तरात नाही? उत्तरात रजिस्टरचा क्रमांक नाही. ‘४५०० हे पाहा’ असे उपकरण म्हणते, पण हे ४५०० कशाचे ते सांगत नाही. भाषा तयार करणाऱ्यांना ते सांगण्याची गरज वाटली नाही, कारण तारेवर विचारणारा एकच असेल हा मॉडबसचा मूळ नियम आहे.

आमची फजिती

हा नियम आम्ही स्वतः मोडला, तेव्हा त्याची किंमतही आम्हीच मोजली. आमच्या प्रयोगशाळेतील एका भट्टीचे तापमान नियंत्रक मॉडबसने बोलत असे. तो एका डब्यामार्फत नेटवर्कवर आणला होता आणि एक प्रोग्राम दर सेकंदाला तापमान नोंदवत होता. पुढे आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याला भट्टीला किती टक्के शक्ती दिली जाते हे पाहायचे होते. डब्याच्या माहितीपुस्तिकेत एकाहून अधिक जोडण्या चालतील असे लिहिले होते, म्हणून त्याने आपला वेगळा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावरून जोडला. त्याने आम्हाला विचारले होते आणि आम्ही खुशाल होकार दिला होता.

काही दिवसांनी तापमानाच्या आलेखात खड्डे दिसू लागले. ४५० अंशांवर स्थिर असलेली भट्टी एका नोंदीत ६२.५ अंशांवर येई आणि पुढच्या नोंदीत परत ४५० वर. आम्ही प्रथम विजेच्या गोंगाटावर संशय घेतला. केबल बदलली, अर्थिंग तपासले. खड्डे एकेकटे न येता घोळक्याने येत आणि दोन घोळक्यांतील अंतर साधारण ठरलेले असे. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसरही जवळपास तेवढ्याच अंतराने चालू-बंद होत होता. कॉम्प्रेसरला दोषी ठरवून आम्ही मोकळे झालो. एका रविवारी वातानुकूलन बंद असतानाही खड्डे पडले, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. ६२.५ हे तापमान नव्हतेच. ती भट्टीला दिलेल्या शक्तीची टक्केवारी होती. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रोग्रामने आपले समजून घेतले होते.

अशा प्रत्येक चुकीच्या उत्तराचा सी.आर.सी. अचूक होता, ही यातली शिकण्याजोगी गोष्ट. पडताळा अंक वाटेत बिट बिघडले नाहीत एवढीच हमी देतो. पाकीट फाटले नाही हे तो सांगतो. ते चुकीच्या घरात पडले की काय, हे त्याला कळत नाही.

खड्ड्यांच्या घोळक्यांचे कारण भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल असे आहे. ९६०० च्या वेगाने आणि अक्षरामागे ११ बिट धरून ८ बाइटच्या प्रश्नाला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात आणि ७ बाइटच्या उत्तराला ८. मधला विराम आणि उपकरणाचा विचार करण्याचा वेळ मिळून एक फेरी ३० मिलिसेकंदांची धरू. समजा, एक प्रोग्राम बरोबर १ सेकंदाने विचारतो आणि दुसरा १.००१ सेकंदाने. दुसरा दर फेरीत १ मिलिसेकंदाने मागे सरकतो, म्हणजे १००० सेकंदांनी, सुमारे १७ मिनिटांनी, दोघे पुन्हा एकत्र येतात. एकमेकांच्या ३० मिलिसेकंद पुढेमागे असताना, म्हणजे साधारण मिनिटभर, त्यांची गाठ पडत राहते. त्यानंतर पुन्हा पंधरा-सोळा मिनिटे सारे सुरळीत. जवळच्या दोन कंप्रतांचे नाद एकत्र वाजवले की विस्पंद ऐकू येतात, त्याचाच हा प्रकार. असे असेल तर दहा मिनिटे चाचणी घेऊन ‘व्यवस्थित चालते’ असा दाखला देणाऱ्याला दोष दिसणारच नाही.

त्या काळातील अकरा दिवसांच्या नोंदी आम्ही टाकून दिल्या. भट्टी तापत किंवा निवत असताना ६२.५ हे खरे तापमानही असू शकत होते, त्यामुळे खरे-खोटे वेगळे करण्याचा मार्ग नव्हता. तरीही आम्ही सुदैवी ठरलो असे वाटते. विद्यार्थ्याचा प्रोग्राम शक्तीऐवजी ‘भट्टीसाठी ठरवून दिलेले तापमान’ वाचत असता, तर आमच्या नोंदींत अधूनमधून बरोबर ४५०.० असा आकडा पडला असता. आलेख वास्तवाहून अधिक गुळगुळीत दिसला असता आणि आम्ही तो अभिमानाने छापला असता.

वेळही हरवते

दुसऱ्या रीतीचा आणखी एक दोष सांगितला पाहिजे. सिरियल तारेवर बाइटांप्रमाणे त्यांच्यामधल्या शांततेलाही अर्थ असतो. मॉडबस आर.टी.यू. मध्ये एक संदेश संपून दुसरा सुरू झाला हे साडेतीन अक्षरांएवढ्या विरामावरून ओळखतात. ९६०० च्या वेगाला हा विराम सुमारे ४ मिलिसेकंदांचा होतो. नेटवर्क बाइट पोचवण्याची हमी देते, विराम पोचवण्याची नाही. मध्ये विराम असलेले दोन संदेश एका पाकिटातून चिकटून येऊ शकतात आणि सलग असलेला एक संदेश दोन पाकिटांत तुटू शकतो. दोन ग्राहकांचे प्रश्न मध्यस्थाकडे एकाच वेळी येऊन सलग तारेवर गेले, तर उपकरणाला ते एकच अगम्य वाक्य वाटते आणि ते गप्प बसते. ही चूक निदान लक्षात तरी येते.

आर्डुइनो ऊनो वापरणाऱ्यांना याच घरातली दुसरी गंमत अनुभवता येईल. पोर्ट उघडला की डी.टी.आर. या खुणेच्या तारेची स्थिती बदलते आणि त्यामुळे बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सर-टू-नेट पहिला ग्राहक आला की पोर्ट उघडतो आणि शेवटचा गेला की बंद करतो. म्हणजे रात्री सर्व संगणक बंद करून सकाळी पहिला सुरू केला, की बोर्डाने मोजून ठेवलेली पावसाची बेरीज शून्यावर आलेली असते.

तिसरी रीत : भाषा जाणणारा मध्यस्थ

जी.पी.एस.साठी लिहिलेला ‘जी.पी.एस.डी.’ हा विनामूल्य प्रोग्राम या रीतीचा सर्वांत अभ्यासण्याजोगा नमुना आहे. एरिक रेमंड यांनी त्याचे नेतृत्व अनेक वर्षे केले. पोर्ट फक्त हा प्रोग्राम वाचतो. बाकीचे सारे नेटवर्कच्या २९४७ क्रमांकाच्या दारावर येऊन त्याच्याकडे मागणी नोंदवतात. त्यांना तो उपकरणाची बाइट देत नाही, वाक्यांचा अर्थ लावून तयार केलेला अहवाल देतो. कोणी मध्येच आला तरी त्याला अर्धे वाक्य मिळत नाही. पोर्टचा वेग माहीत नसेल तर निरनिराळे वेग वापरून तो योग्य वेग स्वतः शोधतो.

अर्थ लावून देण्याचा फायदा एका उदाहरणावरून दिसेल. एन.एम.ई.ए. वाक्यात पुण्याजवळचे अक्षांश १८३१.२ असे येतात. याचा अर्थ १८ अंश ३१.२ मिनिटे, म्हणजे १८.५२ अंश. घाईने कोणी ते १८.३१२ वाचले तर ०.२०८ अंशांची, म्हणजे जमिनीवर सुमारे २३ किलोमीटरची चूक होते. प्रत्येक ग्राहकाने हे रूपांतर स्वतंत्रपणे करण्यापेक्षा मध्यस्थाने ते एकदाच नीट केलेले बरे.

त्याहून आम्हाला भावला तो त्याचा एक छोटा नियम. उपकरणाचा वेग किंवा बोलण्याची पद्धत बदलण्याची विनंती तो तेव्हाच मान्य करतो, जेव्हा त्या उपकरणाचे ऐकणारा तो ग्राहक एकटाच असतो. इतर ऐकत असतील तर विनंती नाकारली जाते. ऐकण्याचा अधिकार सर्वांना, बदलण्याचा अधिकार मात्र त्या बदलाची झळ दुसऱ्या कोणाला लागणार नसेल तेव्हाच. आर.एफ.सी. २२१७ मध्ये राहिलेली उणीव या एका अटीने भरून निघते. शिवाय, वेगळे सांगितल्याखेरीज हा प्रोग्राम त्याच संगणकावरील ग्राहकांनाच उत्तर देतो. साऱ्या नेटवर्कसाठी दार उघडायचे तर ते जाणीवपूर्वक उघडावे लागते. हाही विचार योग्यच आहे.

असे असले तरी ही रीतही दोषमुक्त नाही. अर्थ लावणाऱ्याचा अर्थच चुकला तर तो एकदम सर्वांचा चुकतो. २०२१ साली हे समोर आले. जी.पी.एस.च्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत येतो, म्हणून तो १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्य होतो. कोणते आवर्तन चालू आहे हे प्रोग्रामला स्वतः ठरवावे लागते. जी.पी.एस.डी.च्या ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांत या हिशेबात चूक होती आणि तिच्यामुळे २४ ऑक्टोबर २०२१ रोजी तारीख १०२४ आठवडे मागे, मार्च २००२ मध्ये जाणार होती. चूक आधी लक्षात आली आणि ऑगस्ट २०२१ मधील ३.२३ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. मध्यस्थ जितका शहाणा, तितकी त्याच्यावर विसंबणाऱ्यांनी त्याची तपासणी अधिक केली पाहिजे, हा यातील धडा.

दुसरी मर्यादा श्रमांची आहे. हा प्रोग्राम फक्त जी.पी.एस. आणि तत्सम यंत्रांची भाषा जाणतो. भट्टीसाठी वेगळा, तराजूसाठी वेगळा असे मध्यस्थ लिहावे लागतील. काहीच न जाणणारा सर-टू-नेट मात्र कोणत्याही उपकरणाला चालतो. त्याची लोकप्रियता त्याच्या या अज्ञानामुळेच आहे, हे मान्य केले पाहिजे.

दोहोंमधली वाट मॉडबसच्या जाणत्या मध्यस्थांनी दाखवली आहे. नेटवर्कवरच्या मॉडबसमध्ये प्रत्येक प्रश्नाला दोन बाइटचा व्यवहार-क्रमांक असतो. मध्यस्थ सर्वांचे प्रश्न रांगेत लावतो, एक प्रश्न तारेवर पाठवतो, त्याचे उत्तर येईपर्यंत दुसरा पाठवत नाही आणि आलेल्या उत्तराला त्याच प्रश्नाचा क्रमांक लावून ते विचारणाऱ्यालाच देतो. ४५०० म्हणजे तापमान की शक्ती हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. संदेश कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि तो कोणाचा आहे, एवढेच त्याला कळते. आमच्या मते अनेक ग्राहकांच्या मध्यस्थासाठी ही किमान पात्रता आहे. आमच्या भट्टीजवळही आता असाच मध्यस्थ बसवला आहे. विद्यार्थी आपली टक्केवारी वाचतो, आम्ही आमचे तापमान वाचतो. उत्तर कधी थोडे उशिरा येते, पण दुसऱ्याचे येत नाही.

शाळेत काय करावे

शाळेच्या हवामान केंद्रासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. बोर्ड आणि त्याची भाषा दोन्ही आपल्याच हातात आहेत, म्हणून काही पथ्ये सुरुवातीलाच पाळता येतात.

पहिले, बोर्डाला प्रश्नांची वाट पाहायला लावू नये. त्याने ठरावीक काळाने स्वतःहून सांगत राहावे. संवादाची वाटणी अवघड, प्रसारणाची सोपी. दुसरे, प्रत्येक ओळ पूर्ण असावी. नुसते ‘२९.४’ न छापता तिच्यात अनुक्रमांक, मोजलेल्या राशीचे नाव, आकडा, एकक आणि पडताळा हे सारे असावे. अनुक्रमांकामुळे गळलेली ओळ कळते आणि नावामुळे तापमान दाबाच्या रकान्यात जात नाही. तिसरे, पोर्ट एकाच प्रोग्रामने उघडावा आणि तो सतत उघडा ठेवावा. बाकीच्यांनी त्या प्रोग्रामकडून पूर्ण ओळी घ्याव्यात. चौथे, बोर्डाला आज्ञा देण्याचा अधिकार एकाच संगणकाकडे असावा.

तयार डबा विकत घेताना विक्रेत्याला ‘किती संगणक जोडता येतात’ एवढेच विचारून थांबू नये. दोघांनी एकाच वेळी प्रश्न विचारला तर उत्तर कोणाला जाते, हे विचारावे. ‘दोघांनाही’ असे उत्तर आले, तर तो डबा ऐकण्यासाठी ठीक आणि विचारण्यासाठी धोक्याचा आहे असे समजावे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सुचवून थांबतो. आर्डुइनोला दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला शिकवा : ‘त’ पाठवले की तापमान आणि ‘आ’ पाठवले की आर्द्रता, उत्तरात मात्र फक्त आकडा. पोर्ट सर-टू-नेटमार्फत दोन जोडण्यांसाठी खुला करा. एका संगणकाने दर सेकंदाला ‘त’ विचारावे आणि दुसऱ्याने त्याहून किंचित वेगळ्या अंतराने ‘आ’. दोन्हीकडच्या नोंदी तासभर घ्या, चुकीच्या जागी पडलेले आकडे शोधा आणि ते किती मिनिटांच्या अंतराने येतात ते मोजा. मग उत्तरात आकड्याच्या आधी ‘त’ किंवा ‘आ’ हे अक्षर छापायला लावा, परके अक्षर दिसले की ते उत्तर सोडून द्यायला प्रोग्रामला शिकवा आणि प्रयोग पुन्हा करा. एका अक्षराने काय साधले, हे मुले स्वतःच सांगतील.